पुस्तकावरून जावा शिकताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेच्या आसपास खोली घेऊन राहणारी किंवा तासगाव-इस्लामपूरहून रोज एसटीने येणारी बरीच मुलं शिकवणीची फी परवडत नाही म्हणून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा पुस्तकावरून शिकतात. शंका विचारायला येतात तेव्हा एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चारही व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. "आता तुझा स्वतःचा एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा, लिही" म्हटलं की मात्र हात थांबतो. इतकी मेहनती मुलं इथे अडलेली बघवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुस्तकातल्या कुत्रा, गाडी आणि वर्तुळाच्या उदाहरणांवरच थांबणं. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी 1960च्या दशकात सिम्युला भाषा तयार केली, क्लास-ऑब्जेक्टची कल्पना तिच्यातूनच आली, आणि ती भाषा खऱ्या व्यवहारांची नक्कल संगणकावर चालवून बघता यावी म्हणूनच. मग आपणही ओळखीचा व्यवहार घ्यावा. मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी मिळते. तिच्यावर नाव, पोती, वजन, क्विंटलचा दर, हमाली-तोलाईची कपात आणि खाली निव्वळ रक्कम. घरात अशी पट्टी असेल तर समोर ठेवा आणि तिचाच क्लास लिहा.

इथे लगेच दुसरी चूक होते. सगळी फील्ड्स प्रायव्हेट करायची आणि प्रत्येकाला गेटर-सेटर (किंमत वाचणारी आणि बदलणारी मेथड) जोडून मोकळं व्हायचं. समजा निव्वळ रकमेलाही सेटर दिला. उद्या कोणी वजन दुरुस्त केलं आणि रक्कम जुनीच राहिली, तर ती पट्टी खोटी झाली. निव्वळ रक्कम हे फील्डच नको. वजन, दर आणि कपातीवरून ती काढून देणारी मेथड हवी. वजन शून्य किंवा उणे आलं तर ऑब्जेक्ट तयार करतानाच चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरने ते नाकारावं. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, आणि ते व्याख्येपेक्षा या एका पट्टीत जास्त समजतं. जाता जाता, पैशांसाठी डबल हा दशांश संख्यांचा प्रकार वापरू नका. डबलमध्ये 0.1 अधिक 0.2 केलं तर 0.30000000000000004 येतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवा, नाहीतर जावातला बिगडेसिमल हा क्लास वापरा.

आता ज्या चुकीपायी रात्र जाते ती. दहा शेतकऱ्यांच्या पट्ट्या यादीत भरल्या, यादी छापली, आणि दहाही ओळींत शेवटच्या शेतकऱ्याचं नाव! याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. पहिलं, न्यू लूपच्या बाहेर लिहिलेलं असतं. ऑब्जेक्ट एकच तयार होतो, त्यातली माहिती दहा वेळा बदलते आणि यादीत दहा वेळा त्याच ऑब्जेक्टचा पत्ता जातो. न्यू लूपच्या आत आणलं की काम झालं. दुसरं कारण स्टॅटिक. मेन मेथड सहसा स्टॅटिक असते, तिच्यातून साधं फील्ड थेट वापरलं की कंपायलर 'नॉन-स्टॅटिक' म्हणून ओरडतो, आणि घाईत आपण त्या फील्डलाच स्टॅटिक लावून टाकतो. एरर जाते, पण नाव आता अख्ख्या क्लासमध्ये मिळून एकच उरतं. खरा उपाय म्हणजे मेनमध्ये ऑब्जेक्ट तयार करून त्याच्यामार्फत फील्डपर्यंत जाणं.

दोन्हींपैकी कारण कोणतं, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. टू-स्ट्रिंग (ऑब्जेक्ट छापताना काय दिसावं ते सांगणारी मेथड) न लिहिता ऑब्जेक्ट तसाच छापा. क्लासचं नाव, ॲटचं चिन्ह आणि पुढे एक आकडा (त्यात इंग्रजी अक्षरंही असतील) दिसेल. सगळ्या ओळींत तोच आकडा असेल तर न्यू बाहेर राहिलंय. आकडे वेगळे आणि नाव मात्र एकच, तर स्टॅटिक शोधा.

इन्हेरिटन्सचं प्रकरण वाचलं की ते सगळीकडे लावावंसं वाटतं. पट्टीत शेतकऱ्याचं नाव लागतं म्हणून पट्टीला शेतकरी क्लासची वारस करू नका. पट्टी हा काही शेतकऱ्याचा प्रकार नव्हे. पट्टीत शेतकरी हे एक फील्ड असावं. हळदीची पट्टी आणि बेदाण्याची पट्टी मात्र पट्टीचेच प्रकार, तिथे इन्हेरिटन्स शोभतं.

स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी करू नका. प्रोग्राममध्येच लिहिलेल्या स्ट्रिंगवर ती चालून जाते आणि कीबोर्डवरून घेतलेल्या नावावर फसते, म्हणून चूक लवकर सापडत नाही. इक्वल्स मेथड वापरा. इंटिजर ऑब्जेक्टचंही तेच. त्या चिन्हांनी 100 आणि 100 सारखे निघतात, 200 आणि 200 बहुधा नाहीत, कारण -128 ते 127 एवढेच आकडे जावा हमखास आधीच तयार ठेवते.

कंपायलरने वीस एरर दाखवल्या तर घाबरू नका. सगळ्यात वरची एरर दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा, एका महिरपी कंसापायी खालच्या बऱ्याच एरर आलेल्या असतात. पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही बघा. नल पॉइंटर एक्सेप्शन आलं तर संदेश पूर्ण वाचा. जावा 15 पासून नक्की काय नल होतं ते त्यात आपोआप येतं, म्हणून नवी आवृत्तीच टाका.

पुस्तक सीनियरकडून किंवा जुन्या बाजारातून घेतलं असेल तर आवृत्तीचं साल तपासा. जावा 5 ही आवृत्ती सप्टेंबर 2004 मध्ये आली, तोवर जावात जेनेरिक्स (यादीत कोणत्या प्रकारचे ऑब्जेक्ट जातील ते आधीच सांगायची सोय) नव्हती. त्याआधीच्या पुस्तकातली क्लास-ऑब्जेक्टची प्रकरणं खुशाल वाचा, कलेक्शनचं, म्हणजे याद्या वगैरेंचं, प्रकरण मात्र नव्या पुस्तकातून घ्या.