सुचत नसेल तर एकच तार घ्या

मध्यंतरी इलेक्ट्रिक गिटारवरचे माझे सगळे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे, एकसारखे वाटू लागले. पेडल बदललं, पिकअप बदलले, खिसा हलका झाला, रिफ तेच. शेवटी फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड केलं. मनात जो दणदणाट होता, तो फोनमध्ये नुसती घरघर होती.

तेव्हापासून अडलो की आधी गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण, निम्म्यावर आणतो. भरपूर डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे फाटलेल्या आवाजात, हळू आणि जोरात मारलेला स्ट्रोक जवळपास सारखाच ऐकू येतो, त्यामुळे हात ढिला पडलाय हे कळतच नाही. गेन उतरला की सगळं उघडं पडतं. पहिले दोन दिवस फार वाईट जातात, सांगून ठेवतो.

मग पाम म्यूट, म्हणजे छेडणाऱ्या हाताच्या तळव्याने तारांचा आवाज दाबणं. करंगळीखालची तळहाताची कड ब्रिजवर, तारा जिथून निघतात तिथेच टेकवा. हात किंचित पुढे सरकला की सूर मरतो आणि ‘ठक्’ उरतं, मागे गेला की तार मोकळी घुमते. हवा असतो तो ‘ढग्’ या दोन्हींच्या मधे आहे, आणि ती जागा प्रत्येक गिटारवर हातानेच शोधावी लागते. मेट्रोनोम ६०वर लावा, ठोक्याला चार डाउनस्ट्रोक (वरून खाली मारलेले), म्हणजे मिनिटाला २४०. मनगटातून मारा. खांदा वर चढू लागला की थांबा, वेग कमी करा. दुखणं सोसून वेग वाढत नाही, हात तेवढा बिघडतो.

आता सुचण्याचं. गिटार बाजूला ठेवून रिफ तोंडाने म्हणून बघा: ढग्-ढग्-ढगढग, गप्प, ढग्. ती ‘गप्प’ सोडू नका, पुढच्या ढग्चं वजन तिच्यातच आहे. मग फक्त सगळ्यात जाड तार घ्या. सोळा मात्रा ३-३-३-३-४ अशा तोडा, प्रत्येक तुकड्याची पहिली मात्रा म्यूट न करता, बाकीच्या म्यूट. स्वर दोनच ठेवा, मोकळी तार आणि पहिला फ्रेट (गिटारच्या मानेवरची पहिली पट्टी). माझे बरे रिफ इथूनच निघाले, स्केलच्या तक्त्यांतून क्वचितच.

अडचणीतून काय निघतं हे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी याच्याकडे बघून कळतं. १९६५मध्ये कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरचाच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या. धीर आला तो जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्ट ऐकून, जो भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सोलो वाजवायचा. पुढे ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या अल्बममध्ये बऱ्याच ठिकाणी ट्यूनिंग दीड स्वर खाली आलं. तारा सैल, बोटांना आराम, आणि आवाज आणखी जड.

म्हणून आवडत्या गिटारिस्टची नक्कल करून झाली की तो स्वतः कोणाला ऐकायचा, तिकडे जा. आणि टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) उघडण्याआधी कानाने काढायचा प्रयत्न करा. मी बहुतेक वेळा चुकीचंच काढतो.

फोनमध्ये वीस-वीस सेकंदांचे तुकडे तारीख टाकून ठेवतो, भिकार असले तरी पुसत नाही. परवा एक जुना सापडला, त्यात पाचव्या फ्रेटऐवजी चुकून सहावा दाबला गेलाय. सध्या तोच वाजवतोय, ७२वर.