थ्रॉटल दाबताच आचके देणारी गाडी: बॅटरीच्या 'सी' रेटिंगचा माझा अनुभव

माझी रिमोटवर चालणारी ब्रशलेस मोटरची छोटी गाडी हळू चालवली की सुरळीत पळायची, पण पूर्ण थ्रॉटल दिला की आचके देऊन मंदावायची. बॅटरी अर्धी भरलेली असतानाही! मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) ठीक होते. संशय बॅटरीवर गेला.

बॅटरी होती २२०० एमएएच (म्हणजे २.२ अँपिअर-तास क्षमता), २५सी. 'सी' म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट बॅटरी सलग देऊ शकते तो आकडा. हिशेब सोपा आहे: २.२ गुणिले २५, म्हणजे सलग ५५ अँपिअर. वेग घेताना मोटर त्याहून जास्त ओढते, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि ईएससीला वाटतं बॅटरी संपली. म्हणून तो पॉवर कापतो.

त्याच २एस (एकापुढे एक जोडलेले दोन सेल) व्होल्टेजची ५००० एमएएच, ५०सी बॅटरी लावली. कागदावर २५० अँपिअर. आचके थांबले, बॅटरी तापणंही कमी झालं. वजन मात्र वाढलं, आणि ट्रेमध्ये मावेल का हे आधी मोजावंच लागतं.

छापील आकडे बरेचदा फुगवलेले असतात, त्यामुळे मी चार्जरवर अंतर्गत रोध बघतो. पूर्ण पॅकचा १० मिलिओहम असेल, तर १०० अँपिअरला तब्बल १ व्होल्ट तिथेच जातो. जुना बारीक कनेक्टरही काढून एक्सटी९० हा जास्त करंट पेलणारा जाड कनेक्टर लावला.