सेल निवडायला सांगणारा मॅक्रो बंद का पडतो?

एका कार्यालयाच्या लेखा विभागात एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहू लागलो, तेव्हा पहिले काम मिळाले ते निवडलेल्या रकमांमध्ये कर मिळवण्याचे. कोणत्या सेल घ्यायच्या हे वापरणाऱ्याने माउसनेच दाखवावे, म्हणून मी ‘ॲप्लिकेशन डॉट इनपुटबॉक्स’ ही वापरणाऱ्याला विचारणारी चौकट वापरली आणि तिचा ‘टाइप’ 8, म्हणजे सेल मागणारा, ठेवला. माझ्या संगणकावर मॅक्रो आठवडाभर बिनबोभाट चालला. विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मात्र, चुकीची शीट उघडी आहे हे लक्षात येताच ‘कॅन्सल’ दाबले आणि पडद्यावर ‘रन-टाइम एरर 424, ऑब्जेक्ट रिक्वायर्ड’ अशी चौकट उमटली. आपल्याच हातून फाइल बिघडली असे वाटून त्या घाबरल्या. चूक सर्वस्वी माझी होती.

कारण समजून घ्यावे. टाइप 8 असताना इनपुटबॉक्स रेंज, म्हणजे निवडलेल्या सेलचे ऑब्जेक्ट (प्रोग्रामला हाताळता येणारी वस्तू), परत देतो आणि ते ‘सेट’ या आज्ञेने चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवावे लागते, परंतु कॅन्सल, एस्केप किंवा कोपऱ्यातली फुली दाबली तर रेंजऐवजी ‘फॉल्स’ ही साधी किंमत येते, जे ऑब्जेक्टच नसल्यामुळे ‘सेट’ अडते. ‘सेट’ गाळून व्हेरियंट (कोणत्याही प्रकारची किंमत ठेवता येणाऱ्या) चलात उत्तर घेतल्यास एरर टळते, पण मग हाती सेल न येता सेलमधली नुसती किंमत येते.

उपाय तीन ओळींचा आहे. निवड मागणाऱ्या ओळीच्या आधी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (एरर आली तरी पुढे जा), लगेच नंतर ‘ऑन एरर गो टू 0’ (ती सूट बंद करा), आणि मग चल ‘नथिंग’, म्हणजे रिकामे, आहे का याची तपासणी. नवखे यातली मधली ओळ विसरतात आणि पुढची प्रत्येक चूक गुपचूप गिळली जाते.

याहून घातक प्रकार मला लूपमध्ये, म्हणजे तेच काम फेऱ्यांनी पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, भेटला. दुसऱ्या फेरीत कॅन्सल केले की ‘सेट’ फसते, एरर दाबली जाते आणि चलात पहिल्या फेरीचीच रेंज शिल्लक राहते. माझ्या मॅक्रोने त्याच रकमांवर पुन्हा कर चढवला होता. त्यापेक्षा मॅक्रो बंद पडलेला परवडला, कारण तो निदान दिसतो. चल जाहीर करणारी ‘डिम’ ओळ लूपच्या आत लिहिल्याने चल रिकामे होत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून प्रत्येक वेळी निवड मागण्यापूर्वी चल स्वतः ‘नथिंग’ करावे.

सगळे बरोबर लिहूनही एखाद्याच संगणकावर 424 येत राहिली, तर कोड बदलू नये. आधी व्हीबीए एडिटरच्या (मॅक्रोचा कोड लिहायच्या खिडकीच्या) ऑप्शन्समध्ये ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ (प्रत्येक एररवर थांबा) निवडलेले आहे का ते पाहावे, कारण ते असेपर्यंत ‘रिझ्यूम नेक्स्ट’ला कोणी जुमानत नाही. तसेच लोक घाईत अख्खा स्तंभ निवडतात. तेव्हा 10,48,576 ओळींवर लूप फिरते आणि एक्सेल गोठल्यासारखे दिसते. ‘इंटरसेक्ट’ (दोन रेंजमधला सामाईक भाग) वापरून निवड ‘यूज्डरेंज’पुरती, म्हणजे शीटच्या वापरलेल्या भागापुरती, कापून घेतली की हा प्रश्न मिटतो.

आता मॅक्रो दुसऱ्याच्या हाती देण्याआधी मी पहिल्यांदा कॅन्सलच दाबून पाहतो, लूप असेल तर दुसऱ्या फेरीतही. त्या बाईंना दिलेल्या सुधारित मॅक्रोत कॅन्सलनंतर एवढाच संदेश येतो: ‘निवड केलेली नाही. फाइलमध्ये काहीही बदललेले नाही.’