एमबीबीएसच्या मुलांनी फिर्खो कसा वाचावा

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातला जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिर्खो याचं नाव काढलं की "फिर्खोज ट्रायड!" असा एकमुखी गजर होतो. तिथून सुरुवात करू नका. रक्त गोठण्याची ती तीन कारणं त्याच्या लिखाणातून वेचून पुढच्या लोकांनी एका ओळीत बसवलीत.

आधी घ्या १८४८चा वरच्या सायलेशियातला टायफसचा अहवाल. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे, दरवर्षी कुणीतरी घोटाळा करतंच. प्रशियाच्या सरकारने २६ वर्षांच्या या पोराला साथ बघायला पाठवलं आणि तीन आठवड्यांच्या आत तो बर्लिनला परतला. वाचताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्याने काय पाहिलं ते लिहा: कोंदट, गच्च भरलेली घरं, बटाट्यावर जगणारी माणसं, बुडालेलं पीक, पोलिश बोलणाऱ्या रयतेवर जर्मन बोलणारे अधिकारी. उजवीकडे त्याने सुचवलेले उपाय: लोकशाही, शिक्षण, पोलिश भाषेला कारभारात स्थान, रस्ते, शेतीत सुधारणा, गरिबांच्या डोक्यावरचा कर कमी. औषधाचं नाव शोधत बसाल तर हाती फार काही लागणार नाही.

आता उजव्या कोपऱ्यात लिहा: १९०९, निकोल, ऊ. टायफस अंगावरच्या उवेतून पसरतो हे तेव्हा शार्ल निकोल या शास्त्रज्ञाने दाखवलं. फिर्खोला ऊ ठाऊक नव्हती. पण ती ज्या दाटीत आणि दैन्यात फोफावते, ते त्याने नेमकं टिपलं होतं. मात्र भाबडेपणाने वाचू नका. परतल्यावर काही दिवसांतच हा गृहस्थ बर्लिनच्या रस्त्यावर क्रांतीचे बॅरिकेड उभारत होता. तेव्हा यातले किती उपाय सायलेशियाने सुचवले आणि किती तो घरूनच घेऊन गेला होता, हे ओळीओळीला विचारत चला.

मग 'सेल्युलर पॅथॉलॉजी'. १८५८ साली बर्लिनच्या डॉक्टरांपुढे दिलेली ही २० व्याख्यानं. सलग वाचलंत तर पाचव्यापर्यंत झोप लागेल. पहिलं वाचा, नंतर रक्तावरची, आणि शेजारी ल्युकेमियाची स्लाइड लावून ठेवा. तो आजार ओळखून त्याला नाव देणाऱ्यांत हा होता. शरीर म्हणजे पेशी-नागरिकांचं राज्य, असं तो म्हणतो. अहवाल लिहिणारा हात लगेच ओळखू येतो, पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे. 'प्रत्येक पेशी पेशीतूनच' या वाक्याशेजारी त्याच्याच काळातल्या रॉबर्ट रेमाक या शास्त्रज्ञाचं नाव लिहा. पेशीविभाजन त्याने आधीच दाखवलं होतं, आणि फिर्खोने त्याला पुरेसं श्रेय दिलं नाही.

बर्लिनच्या गटारांवरचं त्याचं लिखाण नुसतं चाळलं तरी चालेल. ट्रिकिनेला मात्र सोडू नका. डुकराच्या स्नायूतली ती अळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूसच कत्तलखान्यात मांसतपासणी सक्तीची करा म्हणून भांडतो. पॅथॉलॉजी आणि पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) वेगळे विषय आहेत असं वाटत असेल, तर हे प्रकरण दोनदा वाचा.

शेवटी त्याच्या चुकांना एक संध्याकाळ द्या. बाळंतिणींचा ताप टाळायला डॉक्टरांनी हात धुवावेत हे झेमेलवाइस या डॉक्टरचं म्हणणं त्याला पटलं नाही, निअँडरथलची हाडं त्याने मुडदूस झालेल्या आधुनिक माणसाची ठरवली, आणि रोगाचं सगळं खापर जंतूंवर फोडायला तो अखेरपर्यंत तयार नव्हता. पहिल्या दोन ठिकाणी तो साफ चुकला. तिसऱ्याबद्दल मी अजून वर्गात वाद घालते.