मेंढीच्या दुधाचे जीन तपासायचे तं आधी कळपातून नमुने नीट घ्या

व्हेटर्नरीची पोरं नेहमी विचारतात की आपल्या भागातल्या मेंढ्यांच्या दुधातल्या प्रोटीनचे जीन कसे तपासायचे. भाऊ, लॅबचं काम सोपं आहे, सगळा घोळ होते तो कळपात.

पहिले जीन ठरवा. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, त्याच्या चारही प्रकारांचे जीन 6 नंबरच्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एकमेकाला खेटून आहेत, ते बहुतेक गठ्ठ्यानंच पिल्लात जातात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनचा जीन 3 नंबरवर आहे, नवख्यानं इथूनच सुरू करावं, कारण ए आन बी या मुख्य प्रकारांत फरक एकाच जागेचा, प्रोटीनच्या साखळीत 20 व्या ठिकाणी ए मध्ये टायरोसिन तं बी मध्ये हिस्टिडिन हे अमिनो आम्ल. दूध काढायची गरजच नाही, रक्तातला डीएनए पुरतो, म्हणून नराचाही प्रकार कळते.

कापूस-तूर निघाली की शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा जा, तेही सकाळी चरायला सुटायच्या आधी, नाही तं दिवसभर मागं फिरत बसा. गेल्या गेल्या सुई काढू नका. आधी विचारा, काकाजी, हा मेंढा कुठून आणला, याच्या आधी कोणता होता, कोणकोणत्या मेंढ्या मायलेकी आहेत? त्यांना तोंडपाठ असते. हे न विचारता एकाच मेंढ्याची पोरं घेतली तं 50 नमुने घेऊनही तुम्ही एकाच बापाचे जीन मोजून राहिले. म्हणून एका कळपातून दोन-तीनच जनावरं घ्या आन जास्त कळप फिरा. दख्खनी आन बाहेरून आलेल्या काठेवाडी लोकांच्या मेंढ्या एका यादीत टाकू नका.

रक्त डॉक्टरनंच मानेच्या शिरेतून घ्यायचं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये 5 मिली, ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, खळखळ हलवायची नाही. नंबर पेन्सिलनं चिकटपट्टीवर लिहा, पेनची शाई बर्फाच्या पाण्यानं जाते.

लॅबमध्ये पीसीआर करून, म्हणजे जीनच्या त्या तुकड्याच्या ढीगभर नकला काढून, डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या आरएसए-वन एंझाइमनं तुकडे कापतात, ए ला एक काप जास्त बसते. दर जनावरात जीनच्या दोन प्रती, एक मायची एक बापाची, म्हणून जनावर एए, एबी नाही तं बीबी निघते. एंझाइम कमी पडलं तं एए जनावर एबी दिसते, तेव्हा माहीत असलेला एए नमुना सोबत चालवा.

मंग हिशोब. समजा 50 मेंढ्यांत एए 22, एबी 16, बीबी 12 निघाले. ए चं प्रमाण (44+16) भागिले 100, म्हणजे 0.60. जोड्या नुसत्या योगायोगानं लागल्या असत्या तं या हिशोबानं एबी 2 × 0.60 × 0.40 × 50, म्हणजे 24 पाह्यजे होते, निघाले 16. याचा अर्थ लगेच कळपात नात्यातलं रेतन झालं असा काढू नका, दोन वेगळ्या जाती एकत्र मोजल्या तरी एबी असेच घटतात, म्हणून यादी परत तपासा.

आन एए मेंढा जास्त दुधाचा म्हणून कोणी जास्त भाव सांगत असन तं देऊ नका, कोणत्या प्रकाराला दूध जास्त याचे निकाल जातीगणिक उलटसुलट आले आहेत.