गावाला निघताना तिकिटाचा फोटो नको

गणपतीला कोकणात जायचं कन्फर्म तिकीट हाती आलं की ते स्टेटसला टाकायचा मोह होतोच. ६० दिवस आधी धडपडून मिळवलेलं असतं ते! पण त्यावरचा १० आकडी पीएनआर रेल्वेच्या चौकशीत कुणीही टाकला, की गाडी, तारीख, डबा सगळं समोर येतं. प्रवाशांची नावं, वयं तर तिकिटावरच छापलेली. घराला कुलूप कधीपासून, हे आपणच जगाला सांगून मोकळे होतो.

टाकायचाच असेल तर पीएनआर आणि क्यूआर कोडचा भाग कापून टाका. मार्करच्या रेघेखालचे आकडे फोटो उजळला की बऱ्याचदा वाचता येतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये स्टेटस मोजक्या माणसांपुरतंच ठेवा. गावचे फोटो परतल्यावर निवांत टाका.