रोहिणी बघायची आहे? मग या चुका टाळा

दरवर्षी २५ मेच्या आसपास मला फोन येतात. "रोहिणी निघाल्या म्हणं, मग तारा कुठं दिसंल?" मराठवाड्यात पेरणीचा सगळा हिशेब रोहिणी आणि मिरगावर चालतो, त्यामुळे प्रश्न साहजिकच आहे. पण त्या दिवसांत रोहिणीचा तारा दिसत नाही. अजिबात नाही.

पावसाचं नक्षत्र म्हणजे त्या काळात सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. मेच्या शेवटी सूर्य रोहिणीत असतो. म्हणजे तारा सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि भर दुपारी आपल्या डोक्यावर उन्हात बुडालेला असतो.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत अंबाजोगाईजवळच्या एका गावात मला 'रोहिणी दर्शना'ला बोलावलं होतं. पोचलो तोवर अंधार पडला होता. माळवदावर पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि एक तरुण मोबाइल वर धरून पूर्वेकडच्या उंच नारंगी ताऱ्याकडे बोट करत होता, "हीच रोहिणी!" पोरांनी वहीत चित्रंसुद्धा काढली होती. तो तारा होता स्वाती. मी सप्तर्षीच्या शेपटीचा बाक बोटानं तसाच पुढे नेला, तो थेट स्वातीवर जाऊन टेकला. पोरांना लगेच उमगलं. त्या तरुणाला मात्र पटेना, कारण मोबाइलवर दिसतंय ते खोटं कसं असेल? शेजारी लोखंडी टाकी होती आणि तिच्यापायी मोबाइलचं होकायंत्र भरकटलं होतं. ॲप वाईट नाही, पण ज्याला सप्तर्षी ओळखता येत नाही त्यानं ॲपवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. स्वाती हाही रोहिणीसारखाच नारंगी राक्षसी तारा, म्हणजे फुगून प्रचंड मोठा झालेला. ३७ प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला ३७ वर्षं लागतात, आणि रोहिणीपेक्षा कितीतरी तेजस्वी. तो समोर असताना पोरांना त्याचं नावही कुणी सांगितलं नाही.

माझी सवय साधी आहे: पंचांगातल्या नक्षत्राच्या तारखेत सहा महिने मिळवायचे. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळताना रोहिणी पूर्वेला उगवते. जानेवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास ती जवळजवळ थेट डोक्यावर असते. हे आपले हुरड्याचे दिवस. आगटीजवळ बसून वर बघू नका. आखाड्यापासून शंभर पावलं लांब जा, मोबाइल खिशात ठेवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा मिनिटं थांबा. एवढा धीर नसेल तर आकाश बघण्याचा नाद करू नये.

शोधायची कशी? मृग नक्षत्राच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण धरा. त्याची रेघ एका बाजूला व्याधाच्या ठळक ताऱ्याकडे जाते, दुसऱ्या बाजूला रोहिणीकडे आणि तिच्याही पुढे कृत्तिकांच्या पुंजक्याकडे. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, ती रोहिणी नव्हे.

मंगळाची गल्लत होते तीही याच भागात, कारण ग्रहांची वाट रोहिणीजवळूनच जाते. डिसेंबर २०२२ मध्ये मंगळ वृषभ राशीत झळकत होता, तेव्हा अनेकांनी त्यालाच रोहिणी ठरवलं. दोन आठवडे सलग बघा. शेजारच्या ताऱ्यांमधून सरकतो तो ग्रह.

लालभडक तारा शोधू नका. रोहिणीचा रंग फिका नारंगी आहे, आणि व्याधाच्या पांढऱ्या उजेडाशी ताडून पाहिल्यावरच तो नीट कळतो. क्षितिजाजवळ तर सगळेच तारे तांबडे दिसतात, तिथं रंग ठरवू नये.

"तांबडी म्हणजे जास्त तापलेली" हे तर लोहाराच्या दारात उभं राहिलेल्या माणसानं म्हणूच नये. फाळ आधी लाल होतो, मग नारंगी, आणि खूप तापला की पांढरट. रोहिणीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,६०० अंश सेल्सिअस, सूर्याचं ५,५००. तरी ती सूर्याच्या चारशेहून अधिक पट प्रकाश टाकते, कारण तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे.

इथंच पुढची चूक होते. एवढी मोठी, म्हणजे तेवढीच जड असणार! शिक्षकसुद्धा असं सांगताना मी ऐकलेत. रोहिणीचं वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंच जास्त आहे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडताना बघा: दाणा फुलून कितीतरी मोठा होतो, वजन काही वाढत नाही. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसून तापला, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागला आणि बाहेरचे थर फुगत गेले. आता तिची सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही कमी आहे. सूर्याचंही काही अब्ज वर्षांनी असंच होणार आहे.

शेवटची चूक महागडी आहे. रोहिणी 'मोठी' दिसावी म्हणून लोक घाईघाईनं टेलिस्कोप घेतात. तारा त्यातूनही ठिपकाच दिसतो, मग टेलिस्कोप माळ्यावर जातो. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरे. ती रोहिणीवर धरली की भोवती गाड्याच्या आकारातले तारे भरून येतात, जुन्यांनी ज्याला रोहिणीशकट म्हटलं ते हेच. रोहिणी या गाड्यातली वाटते, पण ती आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे, मागचा गाड्यातल्या बाकीच्या ताऱ्यांचा पुंजका दीडशेच्या आसपास. रात्री रस्त्यावरून येताना बांधावरचा दिवा आणि मागच्या गावाचे दिवे एकाच ओळीत दिसावेत, तसं हे. आज डोळ्यात शिरणारा तिचा उजेड १९६० च्या आसपास निघालेला आहे. गावातल्या पासष्टीच्या आजीला द्विनेत्रीतून तो दाखवा, आणि हे सांगून दाखवा.